इतिहास शिकून काय करणार?

बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आपाचा फोन आला. माझी भाची सायन्समधून चांगल्या गुणांनी पास झाली होती. सीईटीही दिली होती. आणि आता म्हणत होती, मला इंजिनिअरिंगला जायचे नाही, इतिहास घेऊन बी.ए. करायचे आहे.

"तू समजाव तिला. तुझं ऐकते ती," आपा म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "इतिहास शिकून काय करणार? मास्तरीण? त्या नोकऱ्याही राहिल्या नाहीत आता. तुझे दुल्हाभाई तर बोलायलाच तयार नाहीत."

आमच्या खानदानात हे काम नेहमी माझ्याकडे येते. २०१३ साली मी इंजिनिअर झालो, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो, कर्ज काढून का होईना फ्लॅट घेतला. त्यामुळे कोणाचाही मुलगा दहावी झाला की फोन मला येतो आणि मी ठरलेले उत्तर देतो: सायन्स घे, कॉम्प्युटर घे, निदान डिप्लोमा तरी कर. गेल्या दहा वर्षांत किती मुलांना मी हे सांगितले, मोजलेले नाही. या वेळी मात्र मला ते सांगता आले नाही. त्याला कारण एक कागद आहे.

बावीस इंजिनिअर आणि एक कागद

आमचे गाव सातारा जिल्ह्यात. गावाबाहेर एका पीरसाहेबांचा दर्गा आहे आणि दर्ग्याची थोडी इनाम जमीन आहे. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारचे 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांच्या आत त्यावर भरावी असे ठरले. कायद्यावर वाद होते, कोर्टात अर्ज होते, ते सगळे आपण वाचलेले आहे. गावातल्या कमिटीपुढचा प्रश्न त्याहून साधा होता. फॉर्ममध्ये विचारत होते, कागद कोणता? तो आणायचा कुठून?

कागद होता. कमिटीच्या सर्वांत वयस्कर चाचांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, हिरव्या कापडात गुंडाळून ठेवलेला. दोन पाने, कडा झिजलेल्या, एका कोपऱ्यात शिक्का. चाचांच्या वडिलांनी त्यांना सांगितले होते की ही दर्ग्याची सनद आहे, एक चावर जमिनीची. चाचांनी ते आम्हाला सांगितले. कागदात काय लिहिले आहे हे मात्र त्यांच्या वडिलांनाही वाचता येत नव्हते, कारण तो मोडीत होता.

त्या रात्री मशिदीच्या अंगणात बसून आम्ही सहज मोजणी केली. गावातल्या आणि गावाबाहेर राहणाऱ्या मुलांमध्ये बावीस इंजिनिअर निघाले. चार फार्मसिस्ट, दोन डॉक्टर, दुबई-सौदीला गेलेले वेगळेच. मोडी वाचू शकणारा एकही नाही. मोडी वाचणारा माणूस कुठे शोधायचा, हे सांगू शकणाराही कोणी नव्हता. मी त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिले. त्यांनी जे दिले त्याला काही अर्थ नव्हता.

शेवटी एका मित्राने शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांचा नंबर दिला. इतिहासात एम.ए., सेट पास, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात आणि उरलेल्या वेळात लोकांचे मोडी कागद वाचून देतात. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा भाचीही सोबत होती. तिला कोल्हापूरहून घरी सोडायचे होते, वाटेत थांबलो एवढेच.

सरांनी भिंग घेतले आणि वाचू लागले. आधी शिरोरेघ ओढून ठेवायची आणि मग लेखणी फारशी न उचलता अक्षरे लिहीत जायचे, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, असे ते लिखाण. वाचता वाचता ते तारखेशी आले: "इहिदे सबैन मया व अलफ." आणि भाची एकदम म्हणाली, "सर, हे तर अरबी आहे!"

ती मकतबमध्ये गेलेली मुलगी. 'अल्फ' म्हणजे हजार हे तिला सूरह कद्रमुळे माहीत होते. सरांना फार आनंद झाला. त्यांनी तिला समजावून सांगितले: इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सगळे मिळून अकराशे एकाहत्तर. हा शुहूर सन. मृग नक्षत्र लागले की तो बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हा कागद १७७०-७१ चा, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या वेळचा. भाषा मराठी, लिपी मोडी, तारीख अरबी.

कागदाने काय सांगितले

ती सनद नव्हती. कमाविसदाराने गावच्या मुकादमाला लिहिलेले पत्र होते: पीराचे इनाम पूर्वीपासून चालत आले आहे, ते तसेच चालू द्यावे, अडथळा करू नये. जमीन मात्र एक चावर नव्हती, अर्धा चावर होती. ती दिवाबत्ती, उरूस आणि वाटसरूंसाठी असलेल्या विहिरीची देखभाल यासाठी होती. उरसाला दिव्याचे तेल गावच्या तेल्याने द्यायचे आणि निशाणाचा मान पाटलाच्या घराचा, असेही त्यात होते.

मी गावी जाऊन हे सांगितले तेव्हा कमिटीत शांतता पसरली. मग एक जण म्हणाले, "दुसरं पान लावायलाच पाहिजे असं कुठं आहे?" क्षेत्र दुसऱ्या पानावर होते. पहिल्या पानावर फक्त इनाम चालू ठेवण्याचा हुकूम होता.

खरे सांगायचे तर मलाही क्षणभर तसेच वाटले. वातावरण काय आहे हे आपल्याला माहीत आहे. समोरचा तपासायलाच बसला आहे, मग आपण स्वतःहून आपला दावा कमी का करावा? पण सरांनी मला निघताना एक गोष्ट सांगितली होती. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रजांच्या इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातल्या इनामांची चौकशी केली. त्या कामाचे कागद पुण्याच्या सरकारी दफ्तरात आहेत. तुमच्या दर्ग्याची नोंद तिथे असेल तर तीही कधीतरी कोणीतरी काढेल. तुमच्याकडचा कागद आणि तिथली नोंद जुळली तर तुमची बाजू भक्कम. तुम्ही अर्धाच कागद दाखवला आणि तिथला पुरा निघाला, तर खरी असलेली अर्धा चावरसुद्धा संशयात जाईल.

मी हेच कमिटीत सांगितले. बराच वाद झाला. शेवटी चाचा म्हणाले, "माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं म्हणून ते एक चावर म्हणाले. आता वाचता येतंय तर खोटं कशाला बोलायचं?" दोन्ही पाने लावली, सोबत देवनागरीतले लिप्यंतर लावले. निकाल अजून आलेला नाही. पुण्याच्या दफ्तरातला शोधही चालू आहे. पण एक फरक झाला. तेली आणि पाटील या दोन्ही घरांतली माणसे कागद बघायला आली आणि गरज पडली तर सही द्यायला तयार झाली, कारण त्या कागदात त्यांचीही नावे होती.

हे सगळे भाचीने पाहिले. त्यामुळे ती जेव्हा "मामू, मला हेच शिकायचंय" म्हणाली, तेव्हा मी तिला कॉम्प्युटर घे असे कोणत्या तोंडाने सांगणार?

पोटापाण्याचा प्रश्न खराच आहे

आता आपाच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो चुकीचा नाही. आपल्या समाजात बहुतेक घरांना मुलांच्या शिक्षणावर एकदाच पैसा घालता येतो. तो वाया गेला तर दुसरी संधी नसते. 'आवडते ते शिका' हे सांगणे सोपे आहे, घर चालवणे अवघड. म्हणून मी भाचीसाठी जे शोधले ते गोडगुलाबी न करता लिहितो.

पहिली गोष्ट, प्राध्यापकी हा एकमेव मार्ग धरून इतिहास घेऊ नये. नेट किंवा सेट, त्यावर पीएच.डी. आणि तरीही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, हे महाराष्ट्रात शेकडो शिक्षकांच्या नशिबी आलेले आहे. आमचे मोडीवाले सर त्यातलेच. शाळेत शिकवायचे तर बी.एड. हवे आणि भरतीची वाट पाहण्याची तयारी हवी.

दुसरी गोष्ट, नुसत्या बी.ए.ला बाजारात किंमत नाही. पण नुसत्या बी.ई.लाही ती राहिलेली नाही. माझ्या वर्गातले कितीतरी जण आज बँकेत, विम्यात किंवा वडिलांच्या दुकानात आहेत. माझ्या क्षेत्रात नव्या मुलांना जी कामे मिळायची त्यातली बरीच आता मशीन करू लागले आहे. इंजिनिअरिंग म्हणजे नोकरी पक्की, हे मी मुलांना २०१५ साली सांगत होतो. आज शपथेवर सांगू शकणार नाही.

तिसरी गोष्ट, इतिहासाला सोबत काहीतरी हवे, आणि ते ठरवून जोडावे लागते. त्याचे काही रस्ते मला असे दिसले.

एक रस्ता लिपी आणि भाषेचा. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात. वर्ग थोड्या दिवसांचा असतो, खरा सराव पुढे काही वर्षे करावा लागतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दूतली जुनी दफ्तरे उघडावी लागली आणि ती वाचणारी माणसे किती कमी आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आले. जमिनीचे, वारसाचे, जातीच्या दाखल्याचे काम कधी थांबत नाही. ज्या मुलीला उर्दू येते तिला फारसीची लिपी नव्याने शिकावी लागत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

दुसरा रस्ता अभिलेखागार आणि संग्रहालयांचा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कागद सांभाळण्याचे, त्यांची सूची करण्याचे रीतसर शिक्षण मिळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकता येते. आणि हे काम फक्त सरकारी नाही. टाटा समूहाचे अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजचे मुंबईत आहे, टीआयएफआरसारखी विज्ञानसंस्थाही आपले जुने कागद जपते. जागा थोड्या आहेत हे खरे, पण उमेदवारही थोडे आहेत.

तिसरा रस्ता कायद्याचा. पदवीनंतर तीन वर्षांचे एलएल.बी. करता येते. जमीन, ट्रस्ट आणि वक्फच्या दाव्यांत जो वकील जुना कागद स्वतः वाचू शकतो, तो दुसऱ्यावर अवलंबून राहत नाही. चौथा रस्ता स्पर्धा परीक्षांचा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इतिहास हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, शिवाय सामान्य अध्ययनातही इतिहास असतोच. पण परीक्षेत अपयश आले तर हातात काय राहील, याचा विचार आधी करायला हवा. म्हणूनच मी लिपी आणि भाषा आधी म्हणतो.

आणि पाचवा रस्ता माझ्याच क्षेत्राशी येऊन मिळतो. २०१४ मध्ये मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारे मॉडेल जाहीर केले. लोक म्हणतील, मग आता वाचणारा माणूस कशाला? पण मशीनला शिकवायला आधी माणसाने बरोबर वाचलेली हजारो पाने लागतात. मशीनने 'निमे'चे 'एक' वाचले तर ते चुकले हे सांगणाराही माणूसच लागतो. आमच्या कागदात नेमका तोच शब्द अर्धा होता. इतिहास शिकलेली आणि थोडे प्रोग्रॅमिंग येणारी मुलगी या कामात माझ्यासारख्या नुसत्या प्रोग्रॅमरच्या पुढे असेल.

आपल्याला त्याची गरज का आहे

इथपर्यंत नोकरीचे झाले. पण मला आपल्या वाचकांशी आणखी एक बोलायचे आहे.

रोज सकाळी आपल्या मोबाईलवर इतिहास येऊन पडतो. कोणी मशीद पाडली, कोणी देऊळ पाडले, कोण कोणाचा वंशज. आपण चिडतो आणि उत्तर म्हणून आपल्या बाजूचा मेसेज पुढे पाठवतो: शिवाजी महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान होते, अंगरक्षक इतके होते. ही टक्केवारी कुठल्या कागदातून आली, हे आपल्यापैकी कोणी विचारत नाही. मदारी मेहतरची गोष्ट आपण आवडीने सांगतो. ती समकालीन साधनांत सापडते का, हेही विचारत नाही. खरे तर काझी हैदर, नूर बेग, दौलतखान, सिद्दी हिलाल ही नावे साधनांतच आहेत. तेवढे सत्य पुरेसे आहे. त्याला फुगवले की समोरच्याला एक खोटे सापडते आणि तो सगळेच खोटे ठरवतो. आमच्या कमिटीत दुसरे पान लपवण्याचा विचार आला होता, त्याच जातीची ही चूक आहे.

इतिहास शिकणे म्हणजे राजांची नावे आणि लढायांचे सन पाठ करणे नव्हे. हा कागद कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा होता, दुसऱ्या कुठल्या पुराव्याशी तो जुळतो, हे विचारायला शिकणे म्हणजे इतिहास. मी सॉफ्टवेअरमध्ये बिघाड शोधतो तेव्हा लॉग वाचतो, कोणी काय म्हणतो त्यावर जात नाही. समाजाच्या बाबतीत हे काम करणारी माणसे आपण तयारच केली नाहीत.

याचा दोष फक्त बाहेरच्यांना देता येणार नाही. ग. ह. खरे यांनी फारसी शिकून फारसी साधने मराठीत आणली. सेतुमाधवराव पगडींनी तेच केले. मराठ्यांचा इतिहास समजायचा तर फारसी आली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. उलट बाजूने, मोडी शिकणारे मराठी मुसलमान किती? आपले इनाम, आपल्या मशिदींचे खर्च, आपल्या काझी-मुजावरांचे तंटे, बलुतेदारीतले मुलाणी, आतार, बागवान, तांबोळी हे सगळे पुण्याच्या पेशवे दफ्तरात, कोल्हापूरच्या आणि मुंबईच्या अभिलेखागारात कोट्यवधी कागदांच्या ढिगांत कुठेतरी आहे. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, बाकीचे बहुतांश अजून कोणी नीट पाहिलेलेही नाहीत. आपण मात्र विचारत राहतो, आमचा इतिहास कोणी का लिहीत नाही? लिहायला आधी वाचावे लागते.

म्हणून माझे एक मागणे आहे, मोठे नाही. प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला इतिहास शिकू द्या. ज्या शिक्षण कमिट्या इंजिनिअरिंगच्या मुलांना शिष्यवृत्ती देतात, त्यांनी एक शिष्यवृत्ती मोडी, फारसी आणि अभिलेखशास्त्र शिकणाऱ्यासाठी ठेवावी. आमच्यासारख्या नोकरदारांनी वर्गणी काढावी. आणि कागद वाचून देणाऱ्याला त्याचा मोबदला द्यावा. आमच्या सरांनी पानामागे चारशे रुपये सांगितले तेव्हा कमिटीतले काही जण घासाघीस करायला निघाले होते. वकिलाच्या फीवर कोणी बोलत नाही.

आपाला मी काय सांगितले? तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. बी.ए. इतिहास, पहिल्या वर्षी मोडी, दुसऱ्या वर्षापासून फारसी, सोबत थोडे प्रोग्रॅमिंग, ते मी शिकवणार. त्यानंतर कायदा किंवा अभिलेखागार, ते तिने ठरवायचे. तोपर्यंत तिच्या फीची अर्धी जबाबदारी माझी. हे लिहून दिल्याशिवाय 'इतिहास शिक' म्हणायचा मला अधिकार नव्हता.

दुल्हाभाईंनी कागद दोनदा वाचला. "आणि लग्नाचं काय? स्थळं विचारतील मुलगी काय शिकली," ते म्हणाले.

भाची आतून म्हणाली, "अब्बा, सांगा की वाचायला शिकली."

ते हसले नाहीत. पण प्रवेशाचा फॉर्म त्यांनीच भरला.